कोपराने चालणारं पायडल

बडोद्यात आमच्या फ्लॅटच्या दारावर ‘थ्री-डी प्रिंटिंग’ अशी पाटी लावली, त्या पहिल्याच आठवड्यात चार जण आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. पाचवे गृहस्थ मुलीच्या लग्नपत्रिकेचा नमुना घेऊन आले आणि म्हणाले, “बेन, यातला गणपती जरा उठून दिसेल असा छापायचा.” मी त्यांना आत नेऊन गॅलरीतलं यंत्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ ते पाहिलं आणि निघताना फार सहानुभूतीने विचारलं, “पण हे घेतं कोण?”

आज चार वर्षं झाली, तरी कुणी विचारलं की मी थोडी अडखळतेच.

तेव्हा आधी धंदा काय ते सांगते. प्लास्टिकची तार रिळावर गुंडाळून येते. यंत्र ती तापवून बारीक तोंडातून बाहेर सोडतं आणि सोऱ्यातून चकली पाडावी तसं, पण केसाएवढ्या जाडीचं, एकावर एक थर देत वस्तू उभी करतं. आकार कॉम्प्युटरवर मी काढायचा. लोक येतात ते मोडक्या तुकड्यांसाठी. मिक्सरची खुंटी, पडद्याच्या दांडीचं टोपण, कपाटाच्या सरकत्या दाराचं चाक. बोटभर तुकड्यापायी सगळी वस्तू भंगारात जायची वेळ आलेली असते आणि कंपनी म्हणते, तो भाग आता मिळत नाही.

कधी कधी तुकडाही हरवलेला असतो. एक निवृत्त प्राध्यापक हरवलेल्या टोपणाचं माप दोन बोटांमध्ये धरून आले होते. “इतकं,” म्हणाले. रिक्षावाल्याला त्यांनी डाव्या हाताने पैसे दिले. उजवा हात घरापासून तसाच धरलेला. नसलेल्या वस्तूचं माप त्या बोटांवरून मी कॅलिपरने घेतलं. ते टोपण बरोबर बसलं, ते कसं हे मला अजून कळलेलं नाही.

मी मूळची ड्रॉइंग ऑफिसातली. गोरव्याच्या एका पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं ड्रॉइंग काढली. सुरुवातीला बोर्डावर पेन्सिलीने, नंतर कॉम्प्युटरवर. आमच्या खात्यात एकेकाळी नऊ जण होते, शेवटी दोघं उरलो. दुपारनंतर काम नसायचं. तेव्हा कुणाकडे तरी हे यंत्र पाहिलं आणि मी ते घेतलं. नोकरी सांभाळून जोडधंदा, एवढाच विचार होता.

माझे यजमान माधव प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मशिनिस्ट होते. निवृत्त झाले तरी कानावर पेन्सिल ठेवायची सवय गेली नाही. यंत्राकडे पाहून ते म्हणाले, “आम्ही नको ते कापून टाकायचो, मग वस्तू निघायची. तू नुसतं साचवत बसणार?”

पहिले सहा महिने खरंच नुसतं साचलं. कधी कोपरा उचलला जायचा. कधी अर्ध्यात वस्तू सुटायची आणि यंत्र मात्र हवेत तार सोडत राहायचं. परत येऊन पाहावं तर शेवयांचा ढीग. आठ मिलिमीटरचं भोक काढलं की पावणेआठचं यायचं. ड्रॉइंगमध्ये मी कधी पाव मिलिमीटर चुकले नव्हते. इथे ड्रॉइंग बरोबर आणि वस्तू चूक! कुठे चुकतंय हेच समजेना. चुकत चुकत हात बसला, पण खात्री म्हणतात ती काही आली नाही.

या धंद्यातली एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. थरांनी बनलेली वस्तू चिरोट्यासारखी असते. चिरोटा दाबा, टिकतो. पदरात नख घाला, लगेच सुटतो. म्हणून वस्तू यंत्रावर उभी छापायची की आडवी, हे ठरवावं लागतं. जोर कुठल्या दिशेने पडणार आणि थर कुठल्या दिशेने आहेत, याचा मेळ घालायचा. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं.

जिग्नाबेन वाडी भागातल्या एका पोळात, म्हणजे जुन्या गल्लीत राहतात. चाळिशीच्या असतील. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे दोन्ही पाय लुळे. घर तळमजल्याला, ओटा चढला की समोर त्यांचं शिवणयंत्र. एका ओळखीच्या बाईंनी त्यांना माझा नंबर दिला आणि त्यांनी मला घरी बोलावलं. त्या गुजरातीत बोलतात, मी माझ्या बडोदेकर गुजरातीत. इथे मराठीतच लिहिते.

“बसा, शैलाबेन,” त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातलं एक खोकं दाखवलं. “मशीनची मोटर घेतली. चालवायला पायडल दिलंय. दुकानदार म्हणे, पायाने दाबायचं. मी म्हटलं, भाई, पाय चालत असते तर मोटर कशाला घेतली असती?”

वीस वर्षं त्या हाताचं चाक फिरवून शिवत होत्या. उजवा हात चाकावर, म्हणजे कापड सांभाळायला एकटा डावा. पाय वापरणारा शिंपी दोन्ही हातांनी कापड धरतो. त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते, बस्स.

“कोपराने दाबता येईल असं काही करता येईल?” त्यांनी विचारलं.

मी पायडल हातात घेऊन पाहिलं. जितकं दाबाल तितकी मोटर जोरात, सोडलं की बंद. ते टेबलाच्या उजव्या कडेला एका लाकडी खोबणीत बसवायचं आणि वर वीतभर लांबीची एक दांडी लावायची. दांडीच्या टोकाला कोपर टेकायला वाटी. कोपर खाली दाबला की दांडी पायडल दाबेल. कागदावर सोपं होतं.

कोपराचं माप घ्यायला मी कणीक मागितली. त्यांनी कणकेच्या गोळ्यात कोपर रोवला आणि हसायला लागल्या. “आज पोळीला माझा शिक्का!” तो ठसा मी डब्यात घालून घरी आणला. चार वेळा वाटीचा आकार बदलला. पाचव्या खेपेला दांडी अशी सुरेख निघाली की मी ती टीव्हीशेजारी ठेवून दोन दिवस नुसती पाहत होते. वाटी गुळगुळीत, कडा गोल.

बसवली त्या दिवशी जिग्नाबेननी एक जुनी चादर घेतली. कोपर वाटीत ठेवला. मोटर गुरगुरली आणि दोन्ही हातांमधून कापड सरळ पुढे गेलं. टोकाला पोचल्यावर त्या थांबल्या आणि उजव्या हाताचा पंजा उलटासुलटा करून पाहू लागल्या.

“हा इतकी वर्षं चाकच फिरवत होता,” त्या म्हणाल्या. “आता याला काय काम शिकवू?”

तीस वर्षांत पंपाच्या कुठल्याही ड्रॉइंगने मला असं काही वाटलं नव्हतं. ऑफिसात मी सगळ्यांना फोटो दाखवत सुटले.

हे जूनमध्ये झालं. बडोद्यात नवरात्र म्हणजे काय ते सांगायला नको. जिग्नाबेननी त्या वर्षी प्रथमच चनियाचोळीच्या बाहेरच्या ऑर्डरी घेतल्या. एकूण अकरा. मोटर होती, दोन हात होते, म्हणून घेतल्या.

नवरात्राला तीन आठवडे होते तेव्हा दुपारी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. “शैलाबेन, तुमची दांडी तुटली. जिग्नाच्या बोटात सुई गेली.”

मी रिक्षा करून गेले. जिग्नाबेन खाटेवर बसलेल्या होत्या. डाव्या तर्जनीला बोटापेक्षा मोठं बँडेज. दांडी मधोमध तुटली होती आणि तुटलेला तुकडा पायडल आणि खोबणीच्या मध्ये अडकला होता. कोपर उचलला तरी पायडल दाबलेलंच राहिलं. मशीन पूर्ण जोरात पळत सुटलं, जरीच्या काठाबरोबर बोट सुईखाली गेलं. सुई नखातून आरपार जाऊन मोडली. ओरडणं ऐकून शेजारीण धावली आणि तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. मोडलेलं टोक डॉक्टरांनी काढलं.

मी खोबणीत अडकलेला तुकडा ओढून काढला. जिग्नाबेनच म्हणाल्या, “माझी चूक. घाईत होते, जोराने दाबलं असेल.”

“नाही हो...”

“माझीच. तुम्ही जीव लावून केलं होतंत.”

मी तुटलेले दोन तुकडे पर्समध्ये टाकून घरी आले. जेवणाच्या टेबलावर ठेवून भिंगाखाली पाहिले. तुटलेली जागा सुरीने कापल्यासारखी सपाट होती. एका थरावरून दुसरा थर सुटला होता, जणू कधी चिकटलाच नव्हता.

माधव मागे येऊन उभे राहिले. त्यांना भिंग लागलं नाही.

“उभी छापलीस?”

“हो.”

दांडी आडवी छापली असती तर थर तिच्या लांबीच्या दिशेने गेले असते आणि ती वाकली असती पण अशी तुटली नसती. पण आडवी छापली की वाटीच्या खाली आधाराच्या काड्या येतात, त्या मोडून काढल्या की पृष्ठभाग खरखरीत होतो, घासत बसावं लागतं. उभी छापली की वाटी गुळगुळीत येते. म्हणून मी उभी छापली. मला माहीत होतं. माहीत असून केलं, कारण ती छान दिसत होती.

आता माधव चिडणार, असं मी धरून चालले होते. वर्कशॉपमध्ये कडक म्हणून त्यांचा लौकिक. केसाएवढी चीर दिसली तरी पार्ट बाद करायचे. पण ते खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, “सांगू नकोस.”

“काय?”

“ती स्वतः म्हणतेय ना, जोराने दाबलं? मग जाऊ दे, शैला.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. “अहो, तुम्ही हे म्हणताय?”

“माझ्यावर एकदा चौकशी बसली होती, आठवतं? चूक माझी नव्हती. तरी आठ महिने मला अन्न गोड लागलं नाही. तुझी तर...” ते थांबले. “प्लास्टिकच ते. तुटतंच.”

उठून त्यांनी ते तुकडे एका रुमालात गुंडाळले आणि कपाटात ठेवले. माझी बाजू कुणी घेतली नसती तर मला बरं वाटलं असतं. जिग्नाबेन म्हणतात त्यांची चूक, माधव म्हणतात सांगू नको, आणि मला एकटीला दिसतंय की चूक माझी. अशा वेळी माणसाने स्वतःवर विश्वास तरी कसा ठेवायचा? दोन दिवस मी यंत्रावर जुनी साडी टाकून ठेवली. एका बाईंचा गिझरचा नॉब छापायचा होता, तोही छापवेना. हा नॉब तरी कुठे आणि कसा तुटेल?

ऑफिसात बसून विचार करताना एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. कारखान्यात माझ्या ड्रॉइंगवर तीन सह्या होत. मग फाउंड्री, मशिनशॉप, तपासणी, पंप पाण्यावर चालवून पाहणारे लोक. मी चुकले तर कुणी ना कुणी धरायचंच, आणि मी ते तीस वर्षं गृहीत धरलं. मी अचूक आहे असं मला वाटायचं, त्यातला बराच अचूकपणा दुसऱ्यांचा होता. गॅलरीत मात्र माझ्या आणि जिग्नाबेनच्या बोटाच्या मध्ये दुसरं कुणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी कपाटातून रुमाल काढला आणि वाडीत गेले. जिग्नाबेन शेजारणीकडून चोळ्यांना हुक लावून घेत होत्या. ती गेल्यावर मी दोन तुकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. थर म्हणजे काय, उभी का छापली, सगळं.

त्यांनी एक तुकडा उचलून त्यावरून अंगठा फिरवला.

“मला वाटलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय वाटलं होतं?”

“कापडाला ताणा असतो ना, उभा धागा. कमरेचा पट्टा आम्ही त्याच दिशेने कापतो. आडवा कापला तर घेर लोंबतो. तुमची दांडी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिच्यावर आडव्या रेघा लागल्या बोटाला. मनात आलं, जोर उभा आणि रेघा आडव्या, असं कसं?”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही कारखान्याची ड्रॉइंग काढता. मी सातवी शिकलेली. मला वाटलं, प्लास्टिकचं काही वेगळं असेल.”

मी खाली मान घातली. त्यानंतर त्यांचा आवाज बदलला.

“छान दिसावी म्हणून उभी केलीत?”

“हो.”

“मला ती छान नको होती, शैलाबेन. माझा कोपर कुणी बघत नाही.” त्यांचे डोळे भरून आले. “सहा ऑर्डरी परत दिल्या मी. बायका आता पुढच्या वर्षी येतील का?”

मी माफी मागितली. त्यांनी ‘चालेल’ म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर मला ते खरं वाटलं नसतं. मी उठले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “दुसरी कराल तेव्हा आधी मला मोडून बघू द्या.”

म्हणजे दुसरी करायची होती! इतका वेळ मी हा धंदा बंद करायचा असं मनाशी ठरवून बसले होते. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत मला कळेना की मला शिक्षा मिळाली आहे की काम.

घरी माधवना सांगितलं. संध्याकाळी यंत्रावरची साडी त्यांनीच काढून घडी घातली आणि कानावरची पेन्सिल काढून विचारलं, “खोबणीचं माप कुठेय? तुकडा तुटला तरी खाली पडला पाहिजे, अडकता कामा नये.”

आठवड्याने आम्ही दोघं गेलो. मी तीन दांड्या नेल्या होत्या. एक पहिल्यासारखी उभी छापलेली, एक आडवी, आणि एक आडवी पण मधोमध दुप्पट जाड. जिग्नाबेननी पहिली टेबलाच्या कडेवर टेकवून उजव्या हाताने दाबली. ती कडकन तुटली आणि आम्ही तिघंही दचकलो. दुसरी आधी वाकली, मधोमध पांढरी पडली आणि मग तडकली. तिसरीवर त्यांनी सगळा भार टाकला. मग माधवना म्हणाल्या, “भाई, तुम्ही बघा.” माधव जोर लावून लाल झाले, पण ती तुटली नाही. तिची वाटी खरखरीत होती. जिग्नाबेननी तिच्यावर दोन पदरी फडकं बांधलं.

माधवनी खालून उघडी अशी नवी खोबणी बसवली आणि टेबलाच्या डाव्या कडेला एक मोठं लाल बटण लावलं. “जिग्नाबेन, काहीही झालं तर आधी हे दाबायचं. नंतर बाकीचं.”

सगळं तयार झालं. जिग्नाबेन मशीनपुढे सरकल्या. कापड सुईखाली घेतलं, कोपर वाटीत ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. बँडेज आता लहान झालं होतं, पण डावा हात कापडावर जाईना. दोनदा त्यांनी तो उचलला आणि मांडीवर ठेवला.

“हात जात नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

माधव माझ्याकडे पाहत होते. काय करायला हवं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारही केला नाही. मी म्हटलं, “जरा सरका.” त्या हातांच्या आधाराने बाजूच्या खाटेवर सरकल्या.

मला शिवता येत नाही. शर्टाचं बटण लावायलाही मी माधवना सांगते. त्यांच्या स्टुलावर बसले, उजवा कोपर वाटीत टेकवला आणि डावी तर्जनी सुईच्या अगदी जवळ कापडावर ठेवली. दांडी मीच केली होती, मोडून पाहिली होती, थर कुठे जातात ते मला पाठ होतं, आणि तरीही माझा माझ्या कामावर विश्वास नव्हता. मी कोपर दाबला.

मशीन पळालं. कापड डावीकडे गेलं, मी ओढलं तर उजवीकडे गेलं. कोपर उचलला आणि मशीन जागच्या जागी थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. दर वेळी थांबलं. टोकापर्यंत पोचले तेव्हा माझी पाठ घामाने भिजली होती आणि कापडावर नागमोडी टाके पडले होते.

जिग्नाबेन पुढे वाकून ती शिलाई पाहत होत्या. “अरे देवा,” त्या म्हणाल्या. “हे चोळीचं कापड होतं, शैलाबेन!”

“मला वाटलं चिंधी आहे.”

“उठा. उठा तुम्ही.”

मी उठले. त्या पुन्हा स्टुलावर सरकल्या, दाताने धागा तोडला आणि दोन्ही हातांनी माझी शिलाई टाक्याटाक्याने उसवायला लागल्या. सगळी उसवून झाल्यावर त्यांनी कापड सारखं केलं, बँडेजचं बोट सुईशेजारी ठेवलं आणि आमच्याकडे न पाहता कोपर दाबला.